चिठ्ठीचा दुसरा फेरा

आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावात मेडिकलवर गर्दी असते. "भाऊ, माह्या मायच्या झोपीच्या गोया देजो, पुरा पत्ताच दे," असे म्हणत कुणीतरी घडी घालून घालून चिरलेली चिठ्ठी काउंटरवर ठेवतो. चिठ्ठी आठ महिन्यांपूर्वीची असते. तिच्यावर अल्प्राझोलॅम ०.५, रात्री एक, एवढेच लिहिलेले. किती दिवस, ते नाही. कुठल्याही दुकानाचा शिक्का नाही. आतापर्यंत या कागदावर किती गावांतून किती गोळ्या गेल्या, हे काउंटरमागच्या माणसाला कळायला काहीच मार्ग नाही. तो स्ट्रिप काढतो, पैसे घेतो आणि चिठ्ठी परत देतो. पुढच्या बाजाराला ती दुसऱ्या दुकानात जाते.

सवय लावणाऱ्या औषधांची चर्चा आपल्याकडे सहसा धाडीच्या बातमीने सुरू होते. बसस्थानकामागे पोरे पकडली, नशेसाठी विकल्या जाणाऱ्या 'बटन'च्या गोळ्या जप्त झाल्या, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या सापडल्या. धाडी हव्यात, त्याबद्दल वाद नाही. पण पासष्ट वर्षांच्या बाईला लागलेली गोळीची सवय कुठल्याच धाडीत सापडत नाही. ती चिठ्ठीच्या दुसऱ्या, पाचव्या, विसाव्या फेऱ्यात लागलेली असते, आणि हा फेरा भर उजेडात, परवाना भिंतीवर लावलेल्या दुकानात होतो. एम्सने केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १० ते ७५ वयोगटातले १.०८ टक्के लोक, म्हणजे सुमारे १ कोटी १८ लाख, गुंगीची औषधे उपचाराच्या गरजेपलीकडे घेत असल्याचे आढळले होते. एवढी माणसे बसस्थानकामागे मावत नाहीत.

म्हणून विदर्भातल्या खेड्यांपुरते तरी माझे म्हणणे असे आहे: आणखी कडक कायद्याची मागणी करण्याआधी हा फेरा मोजायची सोय करा. आणि ज्यांना सवय लागून गेली आहे त्यांना उतरायला पायऱ्या बांधा. पायऱ्या बांधणार नसाल, तर दुकानाचे शटर खाली ओढू नका.

कायद्यात बरेच काही आधीच आहे. औषध नियम, १९४५ मधला नियम ६५ सांगतो की चिठ्ठी लेखी हवी, तिच्यावर डॉक्टरची सही आणि तारीख हवी, रुग्णाचे नाव-गाव हवे, औषध एकूण किती द्यायचे आणि कसे घ्यायचे हे लिहिलेले हवे. डॉक्टरने 'पुन्हा द्यावे' असे लिहिले नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच मिळते. औषध दिले की दुकानदाराने त्याच चिठ्ठीवर, डॉक्टरच्या सहीच्या वर, दुकानाचे नाव, गाव आणि तारीख टाकायची. हा शेवटचा नियम सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित आहे. शंभर-दोनशे रुपयांचा रबरी शिक्का तो पाळू शकतो. शिक्का पडलेली चिठ्ठी दुसऱ्या दुकानात गेली की ती स्वतःच बोलते. शिक्का नसेल तर प्रत्येक दुकानात ती नव्याने जन्मते.

त्यावर ३० ऑगस्ट २०१३ च्या अधिसूचनेने शेड्यूल एच-१, म्हणजे वेगळ्या नोंदीच्या औषधांची यादी, आले आणि १ मार्च २०१४ पासून लागू झाले. यादीत ४६ औषधे होती. बरीचशी प्रतिजैविके आणि क्षयरोगावरची, पण त्यांच्याबरोबर झोपेची-चिंतेची अल्प्राझोलॅम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम, वेदनेवरची ट्रामाडॉल, पेंटाझोसिन आणि खोकल्याच्या औषधातले कोडीनही. या औषधांची विक्री वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायची असते: डॉक्टरचे नाव-गाव, रुग्णाचे नाव, औषध, नग. रजिस्टर ३ वर्षे जपायचे. मात्र क्लोनाझेपाम आणि लोराझेपाम, म्हणजे अल्प्राझोलॅमच्याच कुळातली आणि तशीच सवय लावणारी औषधे, त्या मूळ यादीत नव्हती. घबराट, झोप, 'डोक्याची नस' अशा सगळ्या तक्रारींवर ज्या गोळ्या सर्रास लिहिल्या जातात त्यांच्यासाठी वेगळी वही नाही, हे फार मोठे भोक आहे.

आणि वही आहे तिथे ती कशी असते? खरे रजिस्टर मळलेले असते. शाई बदलते, हस्ताक्षर बदलते, मध्येच खाडाखोड असते, बाजाराच्या दिवशी पंधरा नोंदी आणि अमावास्येला दोन. निरीक्षक येणार म्हणून आदल्या रात्री भरलेले रजिस्टर एका पेनाचे असते. ओळी सरळ. प्रत्येक नोंदीत नग १०. डॉक्टर तेच दोन, रुग्णांना गावे नाहीत, आणि नोंदीची तारीख त्या दिवशीच्या बिलाशी जुळत नाही. हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही, दहा मिनिटे लागतात.

पण हस्ताक्षरावरून वाद घालता येतो, बेरजेवरून नाही. समजा १ तारखेला दुकानात अल्प्राझोलॅमच्या ४० गोळ्या होत्या. महिनाभरात घाऊक विक्रेत्याकडून ६० स्ट्रिप, म्हणजे ६०० गोळ्या आल्या. ३० तारखेला कपाटात ९० उरल्या. म्हणजे विकल्या गेल्या ५५०. रजिस्टरमधल्या नगांची बेरीज भरली १८०. राहिलेल्या ३७० गोळ्या कुठे गेल्या, हा एकच प्रश्न विचारायचा. खरेदीचे बिल लपवणे अवघड असते, कारण त्याची प्रत घाऊक विक्रेत्याकडे असते आणि जीएसटीच्या नोंदीतही ते दिसते. औषध निरीक्षकाने वर्षातून किमान एकदा प्रत्येक दुकान तपासावे असे औषध नियमांतला नियम ५१ म्हणतो. एका वर्षात एकदा येणाऱ्या माणसाने फ्रिजचे तापमान, मुदत संपलेला माल आणि परवान्याची चौकट पाहत बसण्यापेक्षा हे चार आकडे आधी मांडावेत. त्याहून सोपे म्हणजे घाऊक विक्रेत्यांनी दर महिन्याला कोणत्या दुकानाला या औषधांच्या किती गोळ्या दिल्या याची यादी अन्न व औषध प्रशासनाला द्यावी. पाच हजार वस्तीच्या गावातले एक दुकान तालुक्याच्या बाकी सगळ्या दुकानांच्या तिप्पट माल उचलत असेल, तर कुठे जायचे ते ऑफिसात बसूनच कळेल. बिलाशिवाय आलेला माल या हिशेबात दिसणार नाही. तिथे धाडच लागते, आणि धाडीची ताकद तिथेच खर्ची पडावी.

काउंटरवर फार्मासिस्ट असतोच असे नाही, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच औषध द्यायचे, असा कायदा आहे. प्रत्यक्षात खेड्यातल्या कितीतरी दुकानांत प्रमाणपत्र एकाचे आणि दुकान दुसऱ्याचे. प्रमाणपत्राचा मालक कुठे दुसरी नोकरी करतो, पेरणीच्या दिवसांत शेतावर असतो, आणि काउंटरवर दहावी-बारावी झालेला पोरगा उभा असतो. त्या पोराला स्ट्रिप कशी कापायची एवढेच शिकवलेले असते, आणि तेही चुकीचे: बॅच नंबर आणि मुदत छापलेली बाजू तो गिऱ्हाइकाला देऊन टाकतो, मग उरलेल्या गोळ्या कधीच्या ते कुणालाच कळत नाही. अशा पोराने चिठ्ठी नाकारावी ही अपेक्षा अन्यायाची आहे. समोरचा गावातलाच, कधी नात्यातला, कधी दांडगा. तो म्हणतो, "कालपर्यंत देत होता ना? आज काय झालं?" आणि पलीकडच्या चौकात दुसरे दुकान आहेच.

दुकानदाराचा हिशेबही समजून घ्यावा लागेल. दरनियंत्रणातल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के नफा धरलेला असतो. झोपेच्या गोळ्यांची स्ट्रिप आधीच स्वस्त. एका स्ट्रिपवर हातात मोजके रुपये, त्यासाठी वेगळी वही, आणि चूक झाली तर एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याची भीती. हा कायदा १९८५ चा. त्यात अल्प्राझोलॅमची व्यापारी मात्रा, म्हणजे ज्या वजनापासून सगळ्यात कडक शिक्षा लागते ते, १०० ग्रॅम आणि ट्रामाडॉलची २५० ग्रॅम आहे, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिरा सिंग प्रकरणात ठरवले की वजन मोजताना फक्त मूळ द्रव्य नव्हे, त्यात मिसळलेला बाकीचा पदार्थही धरायचा. गोळीत औषध अर्धा मिलिग्रॅम असते, बाकी सगळा भुगा. कागदपत्रे नीट असलेल्या परवानाधारकाला त्यातून संरक्षण आहे, पण एवढे बारकावे खेड्यातल्या दुकानदाराला कुणी समजावलेले नाहीत. म्हणून प्रामाणिक माणूस सोपा मार्ग धरतो: ही औषधे ठेवणेच बंद करतो. ज्याला बिलाशिवाय चढ्या भावाने विकायचे असते तो मात्र ठेवतो. कडकपणा आंधळा असला की चांगले दुकान बाजारातून निघून जाते आणि नको ते उरते.

याची किंमत कोण देतो? फीट येणारे लेकरू, ज्याला फेनोबार्बिटोन किंवा क्लोबाझाम रोज लागते आणि चार दिवस चुकले की झटका येतो. आणि कर्करोगाचा रुग्ण. विदर्भात तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्यांना तोंडाच्या कर्करोगाबद्दल नव्याने काही सांगायला नको. जबडा उघडत नाही, जखम वाहते, वेदना रात्रभर झोपू देत नाही. अशा वेदनेवर औषध मॉर्फिन. ते खेड्यात पोहोचावे म्हणूनच संसदेने २०१४ मध्ये एनडीपीएस कायदा दुरुस्त केला, मॉर्फिनसह सहा औषधे 'अत्यावश्यक' ठरली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ती ठेवण्याची वाट सोपी झाली. तरी तालुक्याच्या मेडिकलमध्ये मॉर्फिन मागून पाहा. ते नागपूरला, मोठ्या रुग्णालयात. म्हणून गावातल्या रुग्णाला जे मिळते ते ट्रामाडॉल. तेही काउंटरवरून गायब झाले तर त्या घराने रात्र कशी काढायची?

एक औषध आवळले की शेजारचे ओघळते, हेही आपण पाहिलेले आहे. २०१३ मध्ये डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफेन या वेदनाशामकावर बंदी आली. त्याच्या जागी ट्रामाडॉल आले. एप्रिल २०१८ मध्ये ट्रामाडॉल एनडीपीएसमध्ये गेले, आणि मग नसांच्या दुखण्यावरच्या प्रीगाबालिनच्या कॅप्सूलची नशा सुरू झाली. कापूस वेचून, निंदण करून पाठ मोडलेल्या माणसाचे दुखणे यातल्या कुठल्याच अधिसूचनेने कमी झाले नाही. त्याला ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉलची जोडगोळी कुणीतरी पाच दिवसांसाठी लिहिली होती, ती तो दीड वर्ष घेत राहिला. दिवसाला ४०० मिलिग्रॅमवर गेले की ट्रामाडॉलने फीट येऊ शकते, हे त्याला कुणी सांगितले नाही.

सवय कशी लागते ते थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण गावात अजूनही तिला 'मनाचा कमकुवतपणा' म्हणतात. अल्प्राझोलॅमसारखी गोळी दोन ते चार आठवड्यांपुरती असते. तिचा अंमल शरीरातून अकरा-बारा तासांत निम्मा होतो. रोज घेतली की मेंदू तिच्यावर टेकतो, आणि अंमल उतरला की झोप आधीपेक्षा वाईट उडते, छाती धडधडते, हात थरथरतात. माणसाला वाटते मूळ आजार परत आला. तो एकाच्या दोन गोळ्या करतो. नापिकी, कर्ज, मुलीचे लग्न, या चिंतांनी उडालेली झोप गोळीने परत येते असे वाटते, आणि चिंता तिथेच राहते. त्यात दारूची भर पडली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. दारूबंदी असलेल्या वर्धा-गडचिरोलीतही हा धोका सांगावाच लागतो. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत रात्री लघवीला उठताना तोल जाणे आणि खुब्याचे हाड मोडणे, हे या गोळीचे सगळ्यात दुर्लक्षित नुकसान आहे.

आणि अशी गोळी एका दिवसात बंद करता येत नाही. २०१५ च्या सप्टेंबरात शेजारच्या तेलंगणात भेसळीच्या ताडीवर कारवाई झाली. त्या ताडीत अल्प्राझोलॅम, डायझेपामसारखी औषधे मिसळलेली असत. ताडी अचानक थांबली आणि निजामाबाद आणि आसपासच्या जिल्ह्यांतली सरकारी रुग्णालये भरून गेली: फीट, भ्रम, थरथर, बरळणे. गडचिरोलीतल्या सिरोंचाच्या नदीपलीकडचे हे राज्य. कारवाईचा हेतू चुकीचा नव्हता, पण उतरायच्या पायऱ्या कुणी बांधल्या नव्हत्या.

पायऱ्या म्हणजे काय, तर सावकाश कमी करणे. रोज दीड मिलिग्रॅम अल्प्राझोलॅम घेणाऱ्याचा डोस डॉक्टर दर दोन आठवड्यांनी पाव मिलिग्रॅमने उतरवू शकतो. सहा टप्पे, तीन महिने. शेवटचे दोन टप्पे सगळ्यात अवघड जातात, कारण दीडातून पाव जाणे आणि अर्ध्यातून पाव जाणे यात फरक आहे. तिथे अडखळला तर त्याच डोसवर महिनाभर थांबायचे, मागे जायचे नाही. फीट येण्याचा धोका असलेला, दारू पिणारा, गरोदर, अशांना दाखल करूनच हे करावे लागते. यात मानसोपचारतज्ज्ञ दर वेळी समोर बसलेला असण्याची गरज नाही. पण धारणीच्या माणसाला अमरावती आणि भामरागडच्या माणसाला गडचिरोली शंभर किलोमीटरहून लांब आहे, आणि २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी अल्प्राझोलॅमसारखी एनडीपीएसमधली औषधे दूरसल्ल्यावर लिहायला मनाई केली आहे. ही मनाई ठेवावी, मात्र तिच्या भोवतीने वाट काढावी: टप्प्यांचा तक्ता तज्ज्ञाने फोनवरून ठरवायचा, चिठ्ठी ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने समोर बसवून लिहायची, गोळ्या तिथूनच दर दोन आठवड्यांनी मिळायच्या. मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठीच्या सरकारी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे दोन्ही प्रत्येक मेडिकलच्या काउंटरवर, पैसे द्यायच्या जागी, ठळक अक्षरांत चिकटवता येतात. आज तिथे ताकदीच्या पावडरची जाहिरात असते.

कॅमेऱ्यांबद्दल थोडक्यात. देशात अनेक जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांनी मेडिकल दुकानांत सीसीटीव्ही सक्तीचे केले. लहान मुलांना कुणी औषध विकू नये म्हणून त्याचा उपयोग आहे. पण कॅमेऱ्याला चिठ्ठीची तारीख वाचता येत नाही, आणि महिनाभराचे चित्रण कुणी बसून पाहत नाही. तेवढ्या पैशांत शिक्का, वही आणि कुलपाचे कपाट येते.

प्रश्न उरतो नगांचा. एनडीपीएस नियमांतला नियम ६६ स्वतःच्या उपचारासाठी एका वेळी १०० मात्रांपर्यंत (इथे मात्रा म्हणजे वजन नव्हे, एका वेळी घ्यायचा डोस) बाळगू देतो, आणि डॉक्टरने दीर्घ उपचारासाठी तसे लिहिले असेल तर ३०० पर्यंत. फीट किंवा जुनाट मानसिक आजार असलेल्याला हे योग्यच आहे, त्याला दर आठवड्याला तालुक्याला पळवू नये. पण पहिल्यांदाच झोपेची तक्रार घेऊन आलेल्या माणसासाठी १० गोळ्या पुरे. जिल्हा पातळीवर डॉक्टर आणि केमिस्ट यांच्या संघटनांनी मिळून एवढे ठरवावे की पहिली चिठ्ठी १० दिवसांची, नग आकड्यात आणि अक्षरात, कारण '१०' चे '४०' करायला एक रेघ पुरते. अकराव्या दिवशी डॉक्टरने पुन्हा पाहावे. घरात ताण असताना कपाटात साठ गोळ्या पडून नसणे, हेही त्या घराच्या भल्याचे आहे.

यावर खेड्यातले डॉक्टर म्हणतील की लोक परत येत नाहीत, शंभर रुपये फी आणि एक दिवसाची मजुरी बुडते. हा आक्षेप खरा आहे. म्हणून दुसऱ्या भेटीचे काम प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट व्हावे, बाजाराच्या दिवशी, दुपारी दोनपर्यंत, कारण माणसे गावात त्याच दिवशी येतात.

आणि चिठ्ठीवर शिक्के मारायला जागाच उरत नाही, हा दुकानदारांचा आक्षेपही खरा. पावसाळ्यात कनवटीला बांधून आणलेला, घामाने शाई फुटलेला कागद चार शिक्के सोसत नाही. म्हणून लसीकरणाच्या कार्डासारखे जाड कार्ड करावे. वर रुग्णाचे नाव, गाव, औषध, डोस, डॉक्टरचा नोंदणी क्रमांक. खाली बारा चौकोन, प्रत्येकात तारीख, दिलेले नग आणि दुकानाचा शिक्का. डोस कमी करत असेल तर त्या चौकोनात पुढचा डोस आधीच छापलेला. चौकोन संपले की कार्ड डॉक्टरकडे. पहिल्या वर्षी एका तालुक्यात, अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपाम आणि ट्रामाडॉल या तीनच औषधांसाठी हे करून पाहावे, आणि वर्षअखेरीस घाऊक विक्रेत्यांच्या याद्या त्या कार्डांवरच्या नगांच्या बेरजेशेजारी ठेवून पाहाव्यात.